ग्राम बाल संरक्षण समिती : लैंगिक अत्याचाराची कुणकुण लागली तर पहिला फोन कुणाला करायचा?

माळरान
नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या गावात राहतो. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो असून यंदा आमच्या ग्राम बाल संरक्षण समितीवर माझी नेमणूक झाली आहे. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव आणि पोलीस पाटील, आशाताई, मुख्याध्यापक वगैरे सदस्य अशी ही समिती कागदावर बरीच जुनी आहे. मात्र तिची वही उघडून पाहिली, तर प्रत्येक बैठकीखाली "गावात बालकांबाबत कोणतीही तक्रार नाही" हे एकच वाक्य आणि त्याखाली सह्या आढळतात.

दसरा-दिवाळीनंतर आमचे निम्मे गाव कोयता घेऊन कारखान्यांवर जाते. मुली आजीजवळ, चुलत्याकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा वेळी तक्रार नसणे म्हणजे काही घडलेच नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. माझे दोन प्रश्न आहेत. एखाद्या मुलीवर अत्याचार होत असल्याची कुणकुण लागली, तर समितीने आधी काय करावे आणि कुणाला कळवावे? दुसरे, बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सखी केंद्र, विधी सेवा प्राधिकरण ही इतकी नावे ऐकू येतात. त्यांचा एकमेकांशी प्रत्यक्षात काही संबंध असतो का? ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

वकिली_काळा_कोट
गुरुजी, पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे आपण ज्याला पोक्सो म्हणतो तो, कलम १९ मध्ये सांगतो की असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला समजते, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवले पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर ती अधिक कडक आहे. समितीने चौकशी करावी, दोन्ही बाजू ऐकाव्यात, खात्री करून घ्यावी, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. खरे-खोटे ठरवणे हे तपासाचे आणि न्यायालयाचे काम आहे.

पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला (म्हणजे संरक्षणाची गरज असलेल्या बालकांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीला) आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. तुम्ही विचारलेल्या यंत्रणांमधला कायदेशीर दुवा म्हणजे हे २४ तास. तो तिथेच तुटला, तर पुढची समुपदेशन, निवारा, भरपाई ही सगळी साखळी सुरूच होत नाही.

रानजाई
१०९८, बालकांसाठीची मदतवाहिनी. दिवसरात्र केव्हाही, आणि फोन विनामूल्य आहे. पोलिसांसाठी ११२. हे दोन आकडे अंगणवाडीच्या, शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या, गुरुजी.

सावली
मी पोलीस दलात उपनिरीक्षक आहे. जिल्ह्याचे नाव लिहीत नाही. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी गावात काय होते ते सांगते.

आमच्याकडे फिर्याद येते तेव्हा बहुतेकदा घटनेला बरेच दिवस उलटून गेलेले असतात, आणि मधल्या काळात गावात बैठक झालेली असते. बैठकीला वजनदार माणसे असतात. आरोपीच्या बापाने हात जोडलेले असतात, मुलीच्या बापाला "पोरीचं लगीन व्हायचंय" असे समजावलेले असते. काही वेळा पैसे ठरतात, काही वेळा मुलीला घाईघाईने मामाकडे पाठवतात. मग कुणाचे तरी बिनसते आणि प्रकरण ठाण्यात येते. तोवर कपडे धुतलेले असतात, मोबाइलमधले संदेश पुसलेले असतात, साक्षीदारांच्या तोंडी एकच ठरलेली भाषा आलेली असते. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही. गुरुजी, तुमच्या समितीचे सगळ्यात मोठे काम ही बैठक होऊ न देणे, हे आहे.

आमच्या बाजूच्या उणिवाही लिहिते. कलम २४ प्रमाणे मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता नोंदवायचा असतो आणि बालकाला रात्री ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. तालुक्याच्या ठाण्यात महिला अधिकारी एकच असेल आणि ती त्या दिवशी यात्रेच्या बंदोबस्तावर असेल, तर कुटुंब बाकावर बसून राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात पालकांना ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले. त्यावरून झालेला उद्रेक सर्वांनी पाहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. तशी वाट पाहणारी कुटुंबे त्याआधीही होती.

तिठा
पोलीस पाटलाला आधी सांगू नये का मग? आमच्या गावात बैठक बोलावणारा तोच असतो.

सावली
@तिठा, पोलीस पाटील हा आमचा गावातला डोळा आहे आणि प्रामाणिकपणे कळवणारे पाटील मी पाहिले आहेत. पण त्यांना सांगितले म्हणजे पोलिसांना कळवले, असे समजू नका. थेट ठाण्याला किंवा ११२ वर कळवा आणि नोंद झाल्याची खात्री करा.

जुई
मी सपोर्ट पर्सन म्हणून काम करते. पोक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती पीडित बालकासाठी अशी व्यक्ती नेमू शकते. फिर्यादीपासून निकालापर्यंत मुलीसोबत राहणे, तिला प्रत्येक टप्प्यावर पुढे काय होणार हे समजावणे, आणि दर महिन्याला समितीला अहवाल देणे, हे आमचे काम. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या नेमणुकांबद्दल सविस्तर निर्देश दिले, तरीही कित्येक कुटुंबांना अशी कुणी मिळू शकते हेच माहीत नसते.

गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण माझा सगळा जीव त्यातच अडकलेला आहे. यंत्रणा आहेत, माणसेही बहुतेक ठिकाणी वाईट नाहीत, पण प्रत्येक यंत्रणा मुलीला पुन्हा पहिल्यापासून विचारते. चौकीतला अंमलदार विचारतो, मग ठाण्यातल्या मॅडम विचारतात, मग रुग्णालयात केसपेपर काढणारा माणूस रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, मग डॉक्टर, मग दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब, मग बाल कल्याण समिती, मग समुपदेशक, मग सरकारी वकील. एका मुलीला मी पाहिले. इयत्ता सातवी, केस घट्ट विंचरलेले, हातात शाळेची पाण्याची बाटली. पहिल्या वेळी ती थांबत थांबत, रडत बोलली होती. काही दिवसांनी ती तेच सगळे, एकाही शब्दाचा फरक न करता, समोरच्या भिंतीकडे पाहत पाठ म्हटल्यासारखे सांगू लागली. न्यायालयात बचाव पक्षाच्या वकिलांनी मुलीला पढवून आणल्याचा आरोप केला. दुसऱ्या एका मुलीच्या दोन जबाबांत घटनेच्या वेळेचा फरक पडला, तेव्हा ती खोटे बोलते असे म्हटले गेले. सारखे बोलले तरी संशय आणि वेगळे बोलले तरी संशय, आणि दोन्हींचे कारण एकच, आपण सगळ्यांनी तिला वेगवेगळ्या टेबलांवर वेगवेगळ्या दिवशी बोलायला लावले.

म्हणून यंत्रणांनी एकत्र काम करणे ही माझ्या दृष्टीने केवळ सोयीची गोष्ट नाही. त्यावर मुलीचे मन आणि खटला दोन्ही अवलंबून असतात. ज्या प्रकरणात तपास अधिकारी, डॉक्टर आणि सपोर्ट पर्सन यांनी पहिल्याच दिवशी फोनवर बोलून ठरवले की सविस्तर जबाब एकदाच, एका शांत खोलीत होईल आणि बाकीचे तोच वाचतील, त्या प्रकरणातली मुलगी न्यायालयातही तुलनेने सावरलेली असते.

डॉक्टर_वाडीवरचे
जुईताईंनी रुग्णालयाबद्दल लिहिले ते खरे आहे. मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्यात अजूनही एक गैरसमज घट्ट बसलेला आहे, की पोलिसांचे पत्र आल्याशिवाय अशा रुग्णाला हात लावायचा नाही. नियम उलट सांगतो. तातडीचे उपचार देण्यापूर्वी रुग्णालयाने कोणतेही पत्र किंवा कागद मागू नये, आणि कलम २७ प्रमाणे फिर्याद नोंदलेली नसली तरी तपासणी करता येते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने आणि तिच्या विश्वासाच्या माणसाच्या उपस्थितीत करायची असते. खासगी रुग्णालयांवरही मोफत उपचाराचे बंधन आहे.

इथे घड्याळ फार महत्त्वाचे आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि गर्भधारणा टाळण्याच्या गोळ्याही जितक्या लवकर द्याव्यात तितक्या उपयोगी पडतात. गावातल्या बैठकीत दोन दिवस गेले आणि हद्द कोणत्या ठाण्याची या वादात आणखी एक, तर आमच्या हातात देण्यासारखे फारसे काही उरत नाही. तथाकथित 'टू फिंगर' तपासणी, म्हणजे बोटांनी केली जाणारी कौमार्य तपासणी, हीही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अयोग्य ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल असे बजावले. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या न्यायवैद्यक विभागाने या विषयावर अनेक वर्षे चिकाटीने काम केले आहे, आणि विदर्भातल्या या कामाचा महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना अभिमान वाटला पाहिजे.

एका मुद्द्यावर मात्र माझा वकीलसाहेबांशी मतभेद आहे. सक्तीने कळवण्याच्या तरतुदीमुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुली आमच्याकडे यायच्याच बंद होतात. ऊसतोडीच्या भागात अनेकदा त्या लग्न झालेल्या असतात. गरोदरपणाची नोंद केली की नवऱ्यावर गुन्हा, या भीतीने त्या भोंदू माणसाकडे किंवा घरगुती उपायांकडे वळतात आणि रक्तस्राव होऊन शेवटच्या क्षणी आणल्या जातात. कायदा पाळायचा की रुग्ण टिकवायचा, असा पेच दर आठवड्याला समोर उभा राहतो.

वकिली_काळा_कोट
डॉक्टर, तुमचा पेच मान्य आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयानेही ओळखला आहे. सप्टेंबर २०२२ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिच्या आणि पालकाच्या विनंतीवरून डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. हा मार्ग वापरा आणि आपल्या सहकाऱ्यांनाही सांगा.

पण लग्न झाले म्हणून डोळेझाक करावी, हे मला पटत नाही. २०१७ च्या निकालानंतर अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्कारच आहे. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावात ग्रामसेवकाची जबाबदारी असते. लग्न होण्याआधी ग्रामसेवक आणि तुमची समिती जागी असेल, तर डॉक्टरांच्या टेबलावर हा प्रश्न येणारच नाही. पंधराव्या वर्षी मुलीचे लग्न लावून तिला कोयत्याच्या जोडीत, म्हणजे नवऱ्याबरोबर ऊसतोडीला, धाडणे हेदेखील शोषणच आहे, मग त्याला घरच्यांनी कितीही चांगले नाव दिले तरी.

डॉक्टर_वाडीवरचे
लग्नाआधी थांबवावे याबद्दल दुमत नाही. पण जी आज गरोदर होऊन माझ्यासमोर बसली आहे तिने पुन्हा यावे, एवढीच माझी इच्छा आहे. ती आली नाही तर कायद्याचाही तिला उपयोग नाही.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितो. आमच्याकडे १९९१ मध्ये मडगावात फ्रेडी पीट्सला अटक झाली. अनाथ मुलांसाठी घर चालवण्याच्या आडून तो परदेशी पर्यटकांकडून मुलांचे शोषण करवत होता, आणि १९९६ मध्ये त्याला शिक्षा झाली. शेजारीपाजारी त्याला दानशूर गृहस्थ समजत होते. पुढे गोवा बाल कायदा २००३ आला. त्यात हॉटेलांवर जबाबदारी टाकली गेली. कुटुंबासोबत किंवा नातलगांसोबत नोंद नसलेल्या बालकाला खोलीत प्रवेश देता येत नाही. छायाचित्रे धुणाऱ्यांनाही बालकांची अश्लील चित्रे आढळल्यास कळवण्याचे बंधन घातले गेले. पणजीत बाल न्यायालय आहे. सांगायचे कारण असे, की जिथे गुन्हा घडतो तिथला काउंटरवरचा माणूसही या साखळीचा भाग असला पाहिजे. तुमच्या भागात तो साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी असेल, मुकादम असेल, वसतिगृहाचा अधीक्षक असेल.

नदीपल्याड
मी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. इथे स्थानिक प्रशासन, पोलीस आणि आरोग्य सेवा या तिघांवर मिळून बालसंरक्षणाची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांचे कर्मचारी एकाच कार्यालयात शेजारी बसून आलेली माहिती पडताळतात. हे ऐकायला आदर्श वाटते, पण रॉदरहॅमचा अहवाल जरूर वाचावा. १९९७ ते २०१३ या काळात तिथे किमान १४०० मुलांचे शोषण झाले, असे २०१४ च्या चौकशीत निष्पन्न झाले. त्याआधी अनेक वर्षे यंत्रणांकडे अहवाल येत होते, बैठकाही होत होत्या. पोरींवरच विश्वास ठेवला गेला नाही. त्या बिघडलेल्या आहेत, स्वतःहून जातात, असे मानले गेले. जुईताई म्हणतात तशी एक खोली आणि एक जबाब हवाच. पण त्या खोलीत बसणारी माणसे मुलीला आधीच दोषी धरून बसली असतील, तर चार खाती एकत्र येऊन चौपट चूक करतील.

बुधवारची_ताई
मी पुण्यात बुधवार पेठेतल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या आरोग्यासाठी काम करते. धागा बालकांविषयी आहे, पण कुंटणखान्यांवरच्या धाडींबद्दल थोडे लिहावेसे वाटते, कारण पोलीस, महिला व बाल विकास आणि संस्था यांचे एकत्रित काम तिथेच सर्वांत जास्त दिसते आणि तिथेच सर्वांत जास्त चुकतेही.

अल्पवयीन मुलगी सापडली तर तिला बाल कल्याण समितीपुढेच न्यायला हवे. मुंबईच्या प्रेरणा संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने हे वीस वर्षांपूर्वीच स्पष्ट केले आणि दलालाच्या वकिलाला मुलीची बाजू मांडता येणार नाही, असेही सांगितले. याच संस्थेने कामाठीपुऱ्यात १९८० च्या दशकात मुलांसाठी रात्रीचे पाळणाघर सुरू केले. आई धंद्यावर असताना मूल त्याच खोलीत, त्याच पलंगाखाली झोपू नये, इतका साधा विचार त्यामागे होता. प्रतिबंध याला म्हणतात. गुन्हा घडल्यावर धावणाऱ्या दहा गाड्यांपेक्षा रात्री उघडे असणारे एक दार अधिक मुली वाचवते, असे माझे ठाम मत आहे.

प्रौढ स्त्रीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिची सुटका करायची आणि मग तिला इच्छेविरुद्ध महिनोन्‌महिने सुधारगृहात ठेवायचे, याला मदत म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन स्त्रियांना सोडण्याचा आदेश दिला आणि प्रौढ स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा अधिकार असल्याचे म्हटले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पोलिसांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांशी सन्मानाने वागावे असे निर्देश दिले. तिच्यावर बलात्कार झाला तर तीही फिर्याद देऊ शकते, हे अनेक ठाण्यांत आजही समजावून सांगावे लागते.

रानजाई
कुणीतरी पैशांबद्दलही लिहा. आई-बाप रोजंदारीवर असतात, तारखांना जायचे तर मजुरी बुडते.

जुई
@रानजाई, आपल्या राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे आणि तिचे अर्ज आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातात. सुधारित योजनेत गंभीर प्रकरणांत १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. त्याशिवाय पोक्सोच्या नियमांत दोन तरतुदी आहेत. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समिती लगेच पैसे देण्याची शिफारस करू शकते, आणि विशेष न्यायालय निकालाची वाट न पाहता अंतरिम भरपाई देऊ शकते. ही भरपाई आरोपीला शिक्षा होण्यावर अवलंबून नाही. अडते कुठे, तर बँक खाते, आधारवरचे नाव, शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख यांत. गुरुजी, तुमच्या समितीला इथे खरे काम आहे. आई-बाप फडावर असताना ही कागदपत्रे गावातूनच मिळवावी लागतात.

माळरान
सर्वांचे मनापासून आभार. एक व्यावहारिक शंका विचारतो. समितीने कळवल्याची नोंद वहीत करायची तर मुलीचे नाव लिहावे का? आमचे इतिवृत्त ग्रामपंचायतीच्या कपाटात असते आणि त्याची किल्ली कुणाकडेही असते.

वकिली_काळा_कोट
नाव लिहू नका. तिची शाळा, वाडी, आई-वडिलांची नावे, भाऊकी, म्हणजे जिच्यावरून ओळख पटेल अशी कोणतीच गोष्ट लिहू नका. ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की केवळ नावच नव्हे, तर ओळख पटवणारा कोणताही तपशील उघड होता कामा नये. वहीत "दिनांक अमुक रोजी कायद्याप्रमाणे संबंधित यंत्रणेला कळवले" इतकेच पुरे. सविस्तर नोंद पोलिसांकडे आणि बाल कल्याण समितीकडे राहते. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर "न्याय मिळालाच पाहिजे" असे लिहून मुलीचा फोटो फिरवणाऱ्यांनाही हे सांगा. त्यांची कळकळ खरी असते, पण त्यामुळे त्या मुलीचे गावात राहणे अशक्य होते.

तिठा
शाळांसाठी २०२२ मध्ये, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी, सखी सावित्री समित्या करण्याचा शासन निर्णय निघाला. तुमच्या शाळेत तो फलक आहे का, हे गुरुजी, आधी बघा. आमच्या शाळेत फलक आहे, पण त्यावरच्या दोन सदस्य बाई बदली होऊन गेल्या आहेत.

माळरान
उद्याच पाहतो. आणखी एक प्रश्न मला छळतो आहे. समजा फिर्याद झाली, आणि हंगाम सुरू झाल्यावर आई-बाप मुलीला सोबत घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेले, कारण आता तिला गावात एकटी ठेवायला ते धजावत नाहीत. तारीख डिसेंबरात लागली, तर तिला कोण आणणार? मुकादमाची उचल घेतलेली असल्याने तो सुट्टी देत नाही.

जुई
गुरुजी, हा प्रश्न आम्हाला दर हिवाळ्यात पडतो. कुटुंब निघण्याआधी ते कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जाणार हे मुकादमाकडून विचारून घ्या आणि सपोर्ट पर्सनला कळवा. मग आपली बाल कल्याण समिती तिकडच्या जिल्ह्याच्या समितीला पत्र देऊ शकते आणि तिथे मुलीची विचारपूस करणारे कुणीतरी मिळते. पत्राची एक प्रत सरकारी वकिलांकडे द्या.

वकिली_काळा_कोट
यात भर घालतो. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलीची साक्ष नोंदवावी, असे कलम ३५ म्हणते. तेव्हा सरकारी वकिलांनी हंगामापूर्वीच तिची साक्ष घेण्याची विनंती करावी. कुटुंबाचे स्थलांतर हे त्यासाठी सबळ कारण आहे. ते जमले नाही तर कलम ३६ प्रमाणे चित्रसंवादाने साक्ष घेता येते, म्हणजे ती जिथे असेल त्या जिल्ह्याच्या न्यायालयात बसून बोलू शकते. हा अर्ज दिवाळीचा पाडवा उलटून गेल्यावर करून उपयोग नाही. तुमच्या तालुक्यातून पहिल्या गाड्या केव्हा निघतात?

माळरान
दसऱ्याच्या आसपास पहिल्या गाड्या निघतात. त्याआधी तालुक्याला संरक्षण अधिकारी, ठाण्यातल्या मॅडम आणि वैद्यकीय अधिकारी यांची एकत्र भेट मागणारे पत्र समितीच्या ठरावासह देत आहे. मसुदा इथे टाकला, तर वकीलसाहेब आणि जुईताई नजरेखालून घालतील का?

जुई
जरूर टाका. त्या पत्रात प्रत्येकाचा रात्रीचा संपर्क क्रमांक लेखी मागून घ्या. कार्यालयाचा नको, त्या माणसाचा.